शंभरातली सतरा

मार्चपासून फील्ड बंद होतं.

उत्तराच्या ऑफिसात फील्ड म्हणजे मलावी देशातली काही गावं. तिथे दुपारच्या वेळी आंब्याच्या झाडाखाली, नाहीतर कुणाच्या ओसरीवर मुलं जमत आणि गावातलीच कुणी शिकलेली बाई पत्र्याच्या पेटीतून गोष्टींची पुस्तकं काढून त्यांच्याकडून वाचून घेई. अशा गटाला वाचनगट म्हणत. ब्रेडा या डच शहरातली एक लहानशी संस्था या वाचनगटांना पैसे देई, आणि दिलेल्या पैशांनी काही होतं की नाही याचा पुरावा गोळा करायला तिनं उत्तराला नोकरीवर ठेवलं होतं. वर्षातून दोनदा उत्तरा विमानानं जायची, धूळ खात गावोगाव हिंडायची, मुलासमोर उतारा धरायची आणि एका मिनिटात ते किती शब्द बरोबर वाचतं ते मोजून परत यायची. करोना आला, विमानं थांबली, आणि फील्ड पडीक पडलं.

घरासमोर रस्त्यापलीकडे खरंखुरं शेत होतं. न्यूनेन गावाच्या अगदी कडेला घर घेताना दलालानं त्या शेताचे, म्हणजे ते नुसतं दिसण्याचे, पैसे लावले होते. त्यात मका होता. ऑक्टोबरात एका दुपारी एक यंत्र आलं आणि कणसं, ताटं, पानं सगळं एकदमच गिळून गेलं. शेतकरी खाली उतरलासुद्धा नाही. उत्तरा माळ्यावरच्या तिरक्या खिडकीतून बघत होती. तिच्या कानांवर हेडफोन होता आणि हेडफोनमध्ये एक मूल अडखळत वाचत होतं.

काम आता असं चालायचं. मलावीत संस्थेचा माणूस होता, चिकोंडी. तो मास्क लावून मोटारसायकलवर गावात जाई, मुलाला अंगणात बसवी, त्याच्यापुढे उताऱ्याचा कागद आणि फोन ठेवी आणि मिनिटाची घंटी लावी. ते रेकॉर्डिंग व्हॉट्सॲपवर न्यूनेनला येई. चिकोंडीनं एकदा गुण दिलेले असत; दुसऱ्या कानानं ते तपासायचे हे उत्तराचं काम. तिला तिथली चिचेवा भाषा येत नव्हती, पण अक्षरं रोमन होती आणि लिहितात तसंच वाचतात, त्यामुळे कागद समोर असला की चूक पकडता येई. चुकलेल्या शब्दावर काट, घंटी वाजली की तिथे उभी रेघ, पुढचं मूल. दिवसभर हेच.

जेवणाचं टेबल श्रीहर्षकडे गेलं होतं. तिचा हा नवरा चिप बनवण्याच्या यंत्रांवर काम करी आणि सगळं जग चिपांची वाट बघत असल्यामुळे टेबल त्याला मिळणं रास्तच होतं. उत्तरानं माळ्यावर इस्त्रीचं टेबल मांडून त्याचं ऑफिस केलं. त्याची उंची धड बसायच्या कामाची नव्हती की धड उभं राहायच्या. संध्याकाळी मान आखडलेली असे आणि कानाच्या पाळ्या लाल होऊन ठणकत. हेडफोनचं स्पंज फाटलं होतं. तिनं मुलीच्या, ऋजुताच्या, जुन्या मोज्यांचे तुकडे कापून त्यावर बसवले होते. ऑनलाइन मीटिंगमध्ये ब्रेडाची मॅनेजर मारैके त्या मोज्यांकडे बघून दर वेळी म्हणे, "किती कल्पक आहेस तू, उट्टारा." नवा हेडफोन मात्र पाठवत नसे.

सासूबाई, लीलावतीबाई, सांगलीहून फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी आल्या होत्या आणि ऑक्टोबर संपत आला तरी होत्या. त्यात त्यांचा काही दोष नाही असं घरातले सगळे त्यांना वारंवार सांगत, त्यामुळे त्यांना तो वाटू लागला होता. म्हणून त्या दिवसभर काहीतरी करत. वीज मंडळाच्या तक्रार खिडकीवर त्यांची सगळी नोकरी गेलेली. आलेली तक्रार नोंदवायची आणि वर पाठवायची. ती खरी की खोटी हे बघणं आपलं काम नाही, हे त्यांनी पहिल्याच वर्षी ओळखलं होतं आणि त्यामुळे त्या निवृत्तीपर्यंत टिकल्या.

त्या दिवशी कान फारच ठणकत होता म्हणून उत्तरानं हेडफोन काढून फोन स्पीकरवर टाकला होता. पलीकडे सुश्रुत होता. वाखनिंगनच्या विद्यापीठात संशोधन करणारा हा मुलगा संस्थेची आकडेमोड बघायचा. लीलावतीबाई चहाचा कप घेऊन त्या शिडीसारख्या डच जिन्यानं वर येत होत्या. एका हातात कप, दुसऱ्या हातानं कठडा, आणि गुडघा प्रत्येक पायरीला विचारत होता की पुढची चढायचीच आहे का.

"सांगू का तुला?" उत्तरा म्हणाली. "शंभरातली सतरा वाचतात."

"सतराच?"

"बाकीची नाही वाचत. काही तर पहिल्या दहा सेकंदांतच गारद."

"आणि कंट्रोलमधली?"

"पंधरा वाचतात."

"म्हणजे आपल्यामुळे दोन जास्त वाचतात. शंभरात दोन म्हणजे काहीच नाही, ताई. बोर्डाला मी हे कसं दाखवू?"

"मला तर त्या दोघांचं पण कौतुक वाटतं रे."

"बोर्डाला नाही वाटणार."

लीलावतीबाई दाराशी थांबल्या होत्या. त्यांनी चहा इस्त्रीच्या टेबलाच्या निमुळत्या टोकावर ठेवला आणि आल्या तशा, पण पाठमोऱ्या, खाली उतरल्या. जिना उतरायची ती रीत त्यांना ऋजुतानं शिकवली होती.

जेवताना त्यांनी विषय काढला.

"तुझ्या त्या मुलांचं ऐकलं मी. एवढी सगळी?"

"हो ना, आई," उत्तरा ताटात बघत म्हणाली. तिच्या डोक्यात अजून शब्द मोजले जात होते. "परिस्थिती वाईटच आहे. त्यात शाळा बंद झाल्या."

"आणि ते कंट्रोलवाले कोण?"

"ती दुसऱ्या गावांतली मुलं. त्यांना आपण काही देत नाही. नुसतं बघतो."

"नुसतं बघता?"

"तुलनेसाठी. नाहीतर आपल्यामुळे वाचली की आपोआप वाचली, हे कळणार कसं?"

"आपोआप वाचतात काही?"

"काही वाचतातच की. पंधरा."

लीलावतीबाईंनी उरलेली पोळी दुमडून बाजूला ठेवली. "आणि हे सरकारला चालतं?"

"त्यांची परवानगी असते. आईवडलांची सही घेतो."

"सही घेता," लीलावतीबाई म्हणाल्या.

शाळेतून आलेली ऋजुता उभ्यानंच ब्रेड खात होती. तिला मराठी सगळं समजे, पण ती उत्तर डचमध्ये नाहीतर इंग्रजीत देई. ती इंग्रजीत म्हणाली, "मला पण आई रोज तेच सांगते. वाच, वाच."

"आईला काळजी असते गं, बाळा," असं म्हणून लीलावतीबाईंनी नातीच्या डोक्यावरून हात फिरवला, तो नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ.

दुपारी त्यांनी तक्रार नोंदवली आणि वर पाठवली. वर म्हणजे जवळच्या आइंडहोव्हन शहरातल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर. मंडळाची अध्यक्ष चारुता. तिनं त्या बोलून पाठवलेल्या निरोपाचा नीटनेटका मजकूर केला: "आफ्रिकेतल्या खेड्यांत आज शंभरातली सतराच मुलं वाचतात. आपली उत्तरा त्यांच्यासाठी अहोरात्र झटते आहे. या दिवाळीत फराळाचे पैसे त्या मुलांसाठी." तो वाचून श्रीहर्षनं अंगठा टाकला. उत्तरानं वाचला आणि तिला इस्त्रीच्या टेबलाशी उभ्या उभ्या भरून आलं. इतकी वर्षं मंडळात कुणी तिला कामाबद्दल विचारलं की ती साक्षरता हा शब्द उच्चारी आणि समोरचा माणूस भजी आणायला जाई. महामारीनं माणसं सुधारली म्हणायची.

तिनं लगेच ब्रेडाला कळवलं. कारण बोर्डाचा नियम सोपा होता. डिसेंबरच्या बैठकीत एक तर पुरावा दाखवा, नाही तर बाहेरच्या कुणी पैसे दिलेत ते दाखवा. बाहेरून जेवढे येतील तेवढेच आम्ही घालू. दोन्हीतलं काहीच नसेल, तर जानेवारीपासून वाचनगट बंद आणि पुस्तकांच्या पेट्या जिल्ह्याच्या कचेरीत कुलपात. पुरावा शंभरात दोन होता. आता मंडळाचे पैसे आले तर पुरावा असो वा नसो, गट वर्षभर चालणार होते. मारैकेनं मीटिंगमध्ये दोन्ही हात हृदयापाशी नेले आणि तुमची संस्कृती किती सुंदर आहे असं सांगितलं.

मग पंधरवडाभर घरात फराळाचा कारखाना चालला. आइंडहोव्हनमधली अर्धी बिऱ्हाडं चकल्या करायला धजत नसत, कारण तेलाच्या धुरानं छताला लावलेला अलार्म ओरडतो. लीलावतीबाईंनी त्यावर शॉवर कॅप घातली. उत्तरा सकाळी रेकॉर्डिंग ऐके आणि दुपारी सोऱ्या दाबी. तळहाताला घट्टा पडला. मानेचं दुखणं खांद्यात उतरलं. मागचं दार उघडं ठेवावं लागे, त्यातून पावसाळी गार वारा पायांवर येई, वर तेलाची धग तोंडावर. लीलावतीबाई तळता तळता पदरानं डोळे पुसत. उत्तराला वाटे धूर झोंबतोय.

"आई, तुम्ही बसा जरा. मी तळते."

"असू दे. माझ्या हातून तेवढंच होतंय त्यांच्यासाठी."

संध्याकाळी श्रीहर्ष आणि ऋजुता सायकलींना पिशव्या अडकवून डबे पोचवायला जात. चकली मागणारे दुप्पट पैसे देत, काही जण चकली न घेताच देत. ब्रेडा, वाखनिंगनहूनसुद्धा पैसे आले. एका बाईनं डबा घेताना ऋजुताला दारातच सांगितलं, "आईला म्हणावं, हिंमत सोडू नकोस." ऋजुतानं हा निरोप डचमध्ये पोचवला, आणि तो डचमध्ये जरा विचित्रच वाटला.

दिवाळीचा कार्यक्रम झूमवर होता. चौकटीचौकटींत पैठण्या आणि त्यांच्या मागे पुस्तकांची खोटी कपाटं. चारुतानं समई लावली, गणेशवंदना झाली, आवाज कुणाचा येतोय नि कुणाचा नाही यात वेळ गेला. मग चारुता म्हणाली, "पुढे जाण्याआधी आपण सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू या."

उत्तरा उभी राहिली. करोनानं गेलेल्यांसाठी असणार. शेजारी श्रीहर्ष उभा राहिला, त्याच्या वर कुडता आणि खाली घरातली पँट होती. सगळ्या चौकटींतून लोक उठल्यामुळे पडद्यावर नुसती पोटं दिसत होती. दोन मिनिटं झाली. चारुता खाली बसत कापऱ्या आवाजात म्हणाली, "शंभरातल्या त्र्याऐंशी बालकांना, जी वाचू शकली नाहीत."

उत्तरा बसली नाही. तिचं पोट एकटंच पडद्यावर राहिलं.

"अगं बस की," श्रीहर्ष पुटपुटला.

ती खाली वाकली, पण बोलायला नाही, तर कॅमेरा बंद करायला. मग सोफ्याकडे वळली. लीलावतीबाई अजून हात जोडून होत्या.

"आई, तुम्ही मंडळाला काय सांगितलंत?"

"तू सांगितलंस ते. शंभरातली सतरा वाचतात."

"वाचतात म्हणजे पुस्तक वाचतात. गोष्टीचं पुस्तक. एका मिनिटात किती शब्द वाचतात ते मी मोजते."

लीलावतीबाई म्हणाल्या, "मग बाकीची?"

"बाकीची आहेत ना. धडधाकट आहेत. शेळ्या राखतायत, रानात हिंडतायत."

"जिवंत आहेत सगळी?"

"सगळी."

लीलावतीबाईंनी जोडलेले हात सोडले. त्यांचा चेहरा आधी सैल झाला, मग त्यावर दुसरंच काहीतरी आलं. "मग तू मला बसून नीट सांगायचंस ना. मी सांगलीला पण कळवलंय. जयंतीनं तर उपास धरलाय." जयंती ही त्यांची धाकटी बहीण.

श्रीहर्षनं व्हॉट्सॲपवरचा मूळ मजकूर पुन्हा उघडून वाचला. तो यंत्रातला दोष शोधण्याचे पैसे घेई. "यात चूक कुठंय?" तो म्हणाला. "शंभरातली सतरा मुलं वाचतात. अगदी बरोबर वाक्य आहे. तू खोटं बोललेली नाहीस, आई बोललेली नाही, चारुता बोललेली नाही. लोकांनी अर्थ घेतला तो त्यांचा."

"आणि पैसे त्यांनी कशासाठी दिले?"

"मुलांसाठी. मुलांनाच जाणारेत."

हे इतकं सरळ होतं की उत्तराला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी ती पुन्हा इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली. समोरच्या शेतात आता खुंट होते आणि त्यांत साचलेल्या पाण्यावर बगळे. चिकोंडीची रेकॉर्डिंग कमी आली होती. मुलं आईबापांबरोबर मक्यासाठी सरी ओढायला जात होती, कुदळी घेऊन. त्याचा फोन आला तेव्हा तो इंग्रजीत नेहमीच्या संथपणे म्हणाला, "मॅडम उत्तरा, गटांतल्या बायका विचारतायत. नाताळनंतर मुलांना बोलवायचं की नाही? नाही म्हणालात तरी चालेल, त्यांना शेताची कामं आहेत. पण मुलं येऊन बसतात, आणि कुणी नसलं की परत जातात. ते बरं दिसत नाही."

"आठवडाभरात सांगते," उत्तरा म्हणाली.

सुश्रुतलाही तिनं सगळं सांगितलं. तो आधी हसला, मग बराच वेळ हसत राहिला, मग म्हणाला, "ताई, पैसे ठेवा. आणि रिपोर्टचं पण आपण बघू. शब्दांऐवजी अक्षरओळख धरली तर फरक जरा बरा दिसतो. शब्दांचं मागे टाकू, अक्षरांचं पुढे घेऊ. खोटं काहीच नाही."

"बरोबर वाक्य," उत्तरा म्हणाली.

"एकदम बरोबर."

दोन दिवसांत दोन शिकलेल्या माणसांनी तिला तेच सांगितलं होतं, आणि दोघंही तिच्या भल्याचं बोलत होते. ते दोन दिवस ती रेकॉर्डिंग ऐकत राहिली. एका मुलानं अख्खं मिनिट पहिल्याच शब्दावर काढलं होतं. तो शब्द पुन्हा पुन्हा उचलत होता आणि तो पुन्हा पुन्हा हातातून सुटत होता. मागे कोंबडा, मागे कुणीतरी खोकत. घंटी वाजली तेव्हा त्या मुलानं सुस्कारा सोडला. ऑफिसच्या हिशेबात याला शून्य म्हणतात. उत्तरानं शून्य लिहिलं. ते अक्षरांच्या मागे टाकायचं तिच्या हातून होईना.

तिसऱ्या दिवशी तिनं मंडळाच्या गटावर लिहिलं. चार वेळा खोडून शेवटी साधंच लिहिलं की वाचतात म्हणजे पुस्तक वाचतात, मुलं जिवंत आहेत, गैरसमज आमच्या घरातून झाला, पैसे परत हवे असतील तर देऊ, ठेवलेत तर वाचनगट वर्षभर चालतील. पाठवल्यावर ती खाली जाऊन भांडी घासत बसली.

वर येईपर्यंत गटावर आनंदीआनंद झाला होता. लोकांनी हात जोडले होते, फुलं टाकली होती. मुलं सुखरूप असल्याचं कळून मनावरचं मोठं ओझं उतरलं असं एकीनं लिहिलं, आणि त्याच ओळीत आपला खाते क्रमांक दिला. कुणी लिहिलं की शिक्षण महत्त्वाचंच, पण ते सरकारचं काम नाही का. एका इंजिनिअरनं विचारलं की शंभरात दोनच फरक पडत असेल तर हे मॉडेल स्केल होतं का. चारुताचा फोन आला.

"राग मानू नकोस हं, उत्तरा. पण लोक उभे राहिले होते गं."

"मीही उभी होते."

"तेच. आता मी कुणाकुणाला काय सांगू? काहींनी ठेवलेत पैसे, सात-आठ घरांनी. बाकीचे म्हणतायत, पुढच्या गणपतीला वळवा. चकल्यांचा खर्च मात्र आम्ही कुणी मागत नाही."

"चकल्या आम्हीच केल्या होत्या."

"हो का," चारुता म्हणाली. "छान झाल्या होत्या."

लीलावतीबाईंनी आपले पैसे परत घेतले नाहीत. आतल्या आत त्या खूप रागावल्या होत्या, पण कुणावर रागवायचं ते ठरत नव्हतं. एकदा उत्तराच्या ताटात वाढता वाढता त्या म्हणाल्या, "ती कंट्रोलवाली. त्यांना औषध नाही दिलं असं मला वाटलं होतं. पण तुम्ही पुस्तकंसुद्धा देत नाही?"

"नाही."

"आणि परीक्षा घेता?"

"घेतो."

त्यांनी तिच्या वाटीत आमटी वाढली.

बोर्डाची बैठक डिसेंबरात झाली, सगळा देश पुन्हा कुलूपबंद व्हायच्या आठवड्यात. उत्तरानं रिपोर्टात शब्द पुढे ठेवले होते, दोन जास्त, आणि त्या दोनाचा भरवसा धरता येत नाही हेही लिहिलं होतं. तिला बोलायला पाच मिनिटं मिळाली. त्यातली दोन, तुझा माइक बंद आहे, हे सांगण्यात गेली. निर्णय मारैकेनं दुसऱ्या दिवशी कळवला. तिच्या मागे नाताळचं झाड लुकलुकत होतं.

"तुझा प्रामाणिकपणा बोर्डाला फार भावला, उट्टारा. त्यांचं म्हणणं, पुरावा अपुरा आहे आणि बाहेरून आलेले पैसे फारच थोडे. तेव्हा वाचनगटांचा निधी सध्या थांबवायचा. पण पुरावा अपुरा असल्यामुळे, आणखी पुरावा गोळा करायला पूर्ण वर्षाचा निधी मंजूर केलाय. तुझी नोकरी पक्की. तुझ्या दृष्टीनं चांगली बातमी आहे."

"गटच नसतील तर मोजायचं काय?"

"मुलं आहेत ना. दोन्ही प्रकारच्या गावांतली. तू दर दोन महिन्यांनी मोजत राहा. गट बंद केल्यावर काय होतं, हाही पुरावाच आहे."

"म्हणजे आता सगळीच कंट्रोल."

मारैकेला हे सुंदर वाटलं. तिनं ते लिहून घेतलं.

चिकोंडीला फोन करायचं काम उत्तरानं एक दिवस पुढे ढकललं. मग केला. सांगायचं ते सांगून टाकलं. पलीकडून पाऊस आणि चालत्या मोटारसायकलचा आवाज ऐकू येत होता.

"आमच्या भाषेत वाचणं आणि मोजणं, दोन्हीला एकच शब्द आहे," चिकोंडी म्हणाला. "तुमच्या बोर्डानं बहुतेक दुसरा अर्थ धरला. वाचायला पैसे नाहीत, मोजायला आहेत."

उत्तरा मार्चनंतर पहिल्यांदा फोनवर मोठ्यानं हसली. मग तिनं त्याला शंभरातल्या सतरांची गोष्ट सांगितली, आणि तो इतका हसला की त्याला मोटारसायकल बाजूला घ्यावी लागली.

"पेट्या मी पुढच्या आठवड्यात कुलपात टाकतो," तो शेवटी म्हणाला. "एक विचारू? परीक्षेला दर वेळी नवा उतारा लागतो ना?"

"लागतो. नाहीतर मुलं पाठ करतात."

"आणि तो छापायचे पैसे मंजूर आहेत?"

"आहेत. चाचणी साहित्य."

"उतारा केवढा असावा, असा काही नियम?"

उत्तरानं विचार केला. किमान शब्दांचा नियम होता. जास्तीत जास्त शब्दांचा कुणी केला नव्हता, कारण मिनिटात जगातलं कुठलंही मूल वाचून वाचून वाचणार किती.

"नाही," ती म्हणाली.

"मग मोठा घेऊ," चिकोंडी म्हणाला.

हे तिनं लपवलं नाही. नव्या वर्षाच्या आराखड्याच्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलं: उतारा सोळा पानी राहील. चित्रांसह. दोन्ही प्रकारच्या गावांत सारखाच. चाचणीनंतर प्रत मुलाकडे राहील. सुश्रुतनं ते बघून लगेच फोन केला.

"ताई, हे पुस्तक आहे."

"उतारा आहे."

"दोन्ही गटांना दिलं तर तुलना कशाशी करणार? माझ्या आकड्यांचं वाटोळं होईल."

"म्हणून तर परिशिष्टात लिहिलंय. बोर्डानं वाचलं आणि नको म्हटलं तर काढू."

बोर्डानं आराखडा एकमतानं मंजूर केला. परिशिष्टाबद्दल कुणी काही विचारलं नाही. मंडळातल्या सात-आठ घरांच्या पैशांतून, लीलावतीबाईंचे धरून, चित्रं काढणाऱ्या बाईची फी निघाली. गोष्ट गटातल्याच एका बाईनं सांगितली आणि चिकोंडीनं लिहून काढली: एक कोंबडी पीठ दळायला गिरणीवर निघते, आणि वाटेत प्रत्येक जण तिला थांबवून सल्ला देतो. लीलावतीबाईंनी ती उत्तराकडून मराठीत ऐकून घेतली आणि सल्ले देणारे जरा जास्त झालेत असं मत दिलं.

फेब्रुवारीत न्यूनेनला बर्फ पडला. समोरचं शेत पांढरं झालं, रस्ता कुठे संपतो ते कळेना, शेजाऱ्यांची पोरं त्यावर घसरगाडी ओढत होती. श्रीहर्ष फावड्यानं दारापुढचा बर्फ काढत होता आणि लीलावतीबाई त्याला खिडकीतून कसा काढायचा ते दाखवत होत्या. उत्तरा वर होती, अंगावर शाल, पायांत दोन मोजे.

पहिलं रेकॉर्डिंग तुलनेच्या गावातलं होतं, जिथे आजवर काहीच दिलेलं नव्हतं. मुलगी, वय नऊ. पत्र्यावर पाऊस वाजत होता. मुलीचा आवाज बारीक होता आणि ती प्रत्येक शब्दाला बोट लावत असावी, कारण शब्दाशब्दात सारखंच अंतर पडत होतं. पहिल्या ओळीत दोन काट. दुसरीत एक. तिसरीत ती एका लांबलचक शब्दापाशी थांबली, मागे गेली, पुन्हा आली आणि तो घेऊन पुढे निघाली.

घंटी वाजली. उत्तरानं रेघ मारली. फारसे शब्द झाले नव्हते. मुलगी सतरांत बसणारी नव्हती.

चिकोंडी मुलीला म्हणाला, झालं, छान. मुलगी थांबली नाही. त्यानं पुन्हा तेच म्हटलं. पानाचा आवाज आला, ते तिनं उलटलं होतं.

मिनिटापुढचे शब्द धरायचे नसतात. उत्तरानं ते धरले नाहीत. पेन इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं आणि कानांवरचा हेडफोन दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला. रेकॉर्डिंग बरंच लांब होतं, आणि कोंबडी अजून गिरणीपासून पुष्कळ दूर होती.